सावरतो कोण ?

साताऱ्याकडील एका वाचकांनी आम्हांस विचारले आहे, की त्यांच्या मुलाने एक वेगवान गाडी घेतली आहे आणि पसरणीचा घाट चढताना तो त्या गाडीतील तोल सांभाळणारी यंत्रणा बटण दाबून बंद करतो. वडील बोलले तर म्हणतो, "आबा, सगळं यंत्रानंच सावरायचं, तर गाडी मी चालवली असं कसं म्हणायचं ?" मुलगा निर्व्यसनी आहे, वेगाची पाटी पाळतो, आणि बटण तर कारखान्यानेच दिलेले आहे. मग यात वावगे ते काय, असा वडिलांचा प्रश्न आहे. प्रश्न दिसतो तितका लहान नाही. म्हणून येथे जरा विस्ताराने लिहीत आहोत.

या यंत्रणेला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, थोडक्यात ईएससी म्हणतात. स्टिअरिंग किती वळवले, प्रत्येक चाक किती वेगाने फिरते आहे आणि गाडी खरोखर किती वळते आहे, याचा ताळा ती क्षणोक्षणी घेत असते. चालवणाऱ्याला जायचे एकीकडे आणि गाडी निघाली भलतीकडे असे दिसले, की ती इंजिनाचा जोर तोडते आणि नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक आवळते. पुढचा भागच वळायचा सोडून सरळ घसरत चालला, तर आतल्या अंगाचे मागचे आवळते. हे काम माणसाकडून होणारच नाही. कितीही तरबेज असला, तरी त्याच्या पायाखाली ब्रेक एकच असतो आणि तो चारही चाकांना एकदम लागतो.

१९९५ साली बॉश कंपनीने केलेली ही यंत्रणा मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत प्रथम आली. १९९७ साली त्याच मर्सिडीजची लहान ए-क्लास गाडी स्वीडनमधील एका चाचणीत उलटली. रस्त्यात एकाएकी मोठे जनावर आडवे आले तर गाडी जशी वळवावी, तशी वळवून पाहण्याची ती चाचणी होती. त्यानंतर कंपनीने त्या लहान गाडीतही ही यंत्रणा बसवली. पुढे अमेरिकेत २०१२ पासूनच्या आणि युरोपात २०१४ पासूनच्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. एकट्या गाडीचे, म्हणजे दुसऱ्या वाहनाशी टक्कर नसलेले, मोटारींचे अपघात हिने ३४ टक्क्यांनी कमी होतील, असा अंदाज अमेरिकेच्या सरकारी खात्याने २००७ साली केला होता. हे आकडे मुलाला पाठ असतील. तो अडाणी नाही, आणि म्हणूनच त्याचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे.

तो म्हणेल, पूर्वीच्या लोकांकडे हे काही नव्हते, तरी एसटीच्या ड्रायव्हरांनी घाटांत जन्म काढले ना ? काढले, हे खरे. पण ते पहिल्या-दुसऱ्या गिअरात, वळणावळणाला हॉर्न देत. त्यांच्यापाशी भय जागे होते, आणि गाडीलाही आजचा जोर नव्हता. तो आणखी म्हणेल, की राखणदार मिळाला की माणूस बेफिकीर होतो. यात तथ्य आहे, आम्ही नाकारीत नाही. पण बेफिकिरीवर उपाय सावधपणा हा आहे. घरात राखण आहे म्हणून कुलूप लावायचे विसरलो, तर राखण काढून टाकणे हा काही शहाणपणा नव्हे.

शिवाय ही यंत्रणा बंद करावी अशी वेळ खरोखरच येते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी रुतली, तर चाक थोडे जागीच फिरल्याखेरीज बाहेर निघत नाही, आणि ही यंत्रणा तर चाक फिरू लागले की इंजिनाचा जोर तोडते. अशा वेळी बटण दाबावे, गाडी काढावी आणि लगेच पुन्हा चालू करावी. बटण ठेवले आहे त्याचे हे एक साधे कारण. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की यंत्रणा आपसूक चालू होते. कित्येक गाड्यांत तर ती पुरती बंद करायला बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. म्हणजे ही गोष्ट हातून चुकून होत नाही. दर खेपेला संकल्प करूनच करावी लागते. आमचे खरे म्हणणे या संकल्पाविषयी आहे.

"मी चालवतो" असे जो म्हणतो, त्याला आपले स्वतःचे किती आणि यंत्राचे किती हे ठाऊक असते काय ? यंत्रणा काम करू लागली की समोर घसरत्या गाडीच्या चित्राचा एक पिवळा दिवा लुकलुकतो, बस्स. अर्ध्या सेकंदात विझतो. ज्याचे डोळे वळणावर आहेत त्याला तो दिसतही नाही. वळण सुखरूप पार पडले, की त्याला वाटते, काय झकास घेतले आपण ! अशी चार वर्षे गेली म्हणजे उसन्या पैशांवर सावकारी करणाऱ्यासारखी त्याची गत होते. हिशेबाची वही उघडलेलीच नाही, आणि गडी आता म्हणतो, मला कर्ज नकोच. ज्या भरवशावर तो बटण दाबतो, तो भरवसा त्याच बटणामागच्या यंत्रणेने त्याच्यात हळूहळू भरलेला असतो. अहंकार असाच यायचा, मदत करणाऱ्याचा आवाज न ऐकता.

कौशल्य खरे असले तरी काय होते, याचे उदाहरण जगजाहीर आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात हॉलिवूडचा नट पॉल वॉकर आणि त्याचा मित्र पोर्शे करेरा जीटी गाडीत मरण पावले. त्या गाडीत ही यंत्रणा मुळातच नव्हती. चालवणारा मित्र शर्यतींचा अनुभवी होता. टायर नऊ वर्षांहून जुने होते, आणि जेथे ताशी ४५ मैलांची मर्यादा तेथे वेग ८० ते ९३ मैल असल्याचे चौकशीत दिसले. यंत्रणा असती तर दोघे वाचलेच असते, असे आम्ही म्हणणार नाही. चार टायरांचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम चार तळहातांएवढा असतो. त्याची पकड सुटली की कोणाचेच चालत नाही. एवढेच सांगायचे, की अनुभवाने ती पकड वाढत नाही.

आता मुलगा म्हणेल, माझा जीव, मी पाहून घेईन. येथे मात्र आम्ही त्याला थांबवू. पसरणीचा घाट एकट्याचा आहे काय ? सातारा-सांगलीचे रस्ते ज्याने पाहिले आहेत त्याला सांगायला नको. गळिताच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागचा दिवा नसताना चाललेले असतात. त्यांच्या चाकांची माती डांबरावर पडते, आणि वळवाचा पहिला शिडकावा झाला की तीच साबणासारखी होते. कडेने शाळेची पोरे चालतात, आषाढीच्या दिवसांत दिंड्या चालतात. यांतल्या कोणाला त्याने विचारले, की बाबांनो, आज मी राखण काढून ठेवणार आहे, चालेल ना ? स्वतःच्या जिवावर उदार होणे वेगळे. दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्याला उदारपणा म्हणत नाहीत.

वेगाचे आम्हांला वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. लोणंद सोडून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ माउलींचे उभे रिंगण होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. माउलींच्या अश्वावर स्वार नसतो, आणि तो काय सुटतो ! पण त्याआधी काय होते ते आठवा. चोपदार वाट मोकळी करून घेतात, दिंड्या दोन्ही अंगांना ओळीने उभ्या राहतात, लेकरे मागे घेतली जातात. धावणार हे सर्वांना ठाऊक असते आणि सर्वांनी त्याला जागा दिलेली असते. तोच अश्व बाजाराच्या दिवशी फलटणच्या पेठेत कोणी मोकळा सोडला, तर आपण त्याला भक्ती म्हणणार नाही.

म्हणून वडिलांना आमचे सांगणे, की मुलाची हौस मोडू नका. गाडी घसरते कशी आणि सावरायची कशी, हे शिकण्याची त्याची इच्छा चांगलीच आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला आणि कोइमतूरजवळ चेट्टिपालयम येथे शर्यतीच्या धावपट्ट्या आहेत. तेथे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली त्याने खुशाल बटण दाबावे, गाडीने चार गिरक्या घेतल्या तर घेऊ द्याव्या. यंत्रणा त्याच्यासाठी आजवर काय करीत होती, हे त्याला तेथे एका दुपारीत कळेल. आणि तेथे समोरून वाईची एसटी येत नाही.