कोवळ्या वयाची अलकनंदा

हिमालयातल्या अलकनंदेचे नाव आता आकाशातही गेले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक सर्पिल दीर्घिका हेरली, तिला हे नाव दिले आणि २०२५ साली ती जगापुढे मांडली. तिचा प्रकाश निघाला त्यास १२०० कोटी वर्षे झाली. तेव्हा विश्वाचे वय अवघे दीडशे कोटी! एवढ्या कोवळ्या वयात दीर्घिका विस्कटलेल्या असाव्यात, असा जाणत्यांचा अंदाज. आणि ही पाहावी तर मधोमध तेजाचा गोळा, भोवती दोन रेखीव बाहू, विस्तार सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे. वर्षाला साठेक सूर्यांइतके द्रव्य नव्या ताऱ्यांत ओतते आहे. जाणत्यांनी हट्ट धरला नाही. अंदाज पुन्हा तपासले पाहिजेत म्हणाले.

आम्हांस मात्र आमचेच बोलणे आठवले. माळ घालून दोन वर्षे झालेल्या एका पोराने वारीत वीणा मागितली, तर आम्ही म्हटले, "अजून कच्चा आहेस बाबा, दहा वाऱ्या होऊ दे." ही दहाची गणती कुठून आणली, कोण जाणे! पोर काही बोलले नाही. टाळ घेऊन मागे जाऊन उभे राहिले. परवा एकादशीला त्याचा अभंग ऐकला. येत्या आषाढीला वीणा त्याच्या गळ्यात द्यायची, असे आम्ही दिंडीत सांगून ठेवले आहे.