भुकेचा डौल आणि प्रतीचे स्वामित्व

नागपूर जिल्ह्यातील बेला गावी १९३३ साली जन्मलेल्या बी. प्रभा यांच्या तैलचित्रांतील ग्रामीण स्त्री कृश, लांबट बांध्याची आणि मूक आहे. तिच्यामागे दुष्काळ आहे, भूक आहे. परंतु रेषेच्या लयीत ती भूक नेत्रसुखद होते. अभावग्रस्त देहाला डौल देणे म्हणजे त्याची प्रतिष्ठा राखणे, असे समर्थन करता येते. प्रभांच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. खरा नैतिक पेच रूपबंधाचा नसून स्वामित्वाचा आहे. जर्मन चित्रकर्ती कॅथे कोलवित्झ यांनी विणकरांच्या उठावावर (१८९३ ते ९७) सहा मुद्राचित्रे केली. तीन शिलामुद्रित, तीन अम्लरेखित. मुद्राचित्राच्या अनेक प्रती निघतात, म्हणून त्यातील दुःख एकाच्याच मालकीचे राहत नाही. (अर्थात, त्या प्रती विणकराच्या घरी पोचतातच असे नव्हे.) तैलचित्र मात्र एकमेव असते. १९५६ मध्ये प्रभांची चित्रे एअर इंडियाने विकत घेतली, आणि ज्यांच्या भिंतीवर ही स्त्री आली त्यांच्यात ती स्वतः नव्हती. कोराडीच्या जगदंबेची छापील तसबीर मजुराच्या खोपटातही लागू शकते. त्या खोपटातील बाईचे चित्र तेथे येत नाही.