इंजिनखोलीतली पांढरी पूड

१५ सप्टेंबर १९४४. दक्षिण चीन समुद्रात अमेरिकी पाणबुडी ‘पँपॅनिटो’वरच्या पहारेकऱ्यांना तराफ्यावर माणसं दिसली. शत्रूची असतील म्हणून बोट सावधपणे जवळ गेली, तर हाका इंग्रजीत आल्या. ते ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी होते. तीन दिवसांपूर्वी अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवलेल्या जपानी ताफ्यातल्या दोन जहाजांत कैदी कोंडलेले होते. पाणबुड्यांना त्याचा पत्ताच नव्हता, आणि त्यातलं एक जहाज पँपॅनिटोनेच बुडवलं होतं. कप्तान पॉल समर्सने अंधार पडेपर्यंत शोध चालवला. जेमतेम ऐंशी खलाशांच्या बोटीत तेलाने माखलेली ७३ माणसं आली.

त्यांचं अंग पुसणाऱ्यांत इंजिनखोलीतला एक पोरगा होता. तो माझ्या कल्पनेतला. पण त्याच्यासारखे पुष्कळ होते.

इंजिनखोलीतल्या गरम नळ्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टन असे. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांत असतं तेच, फक्त इथे मोकळं, हात लावला की तंतू सुटणारं. वर डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकलेला पाण्यातला बॉम्ब, फुटला की हादऱ्याने त्याची पूड झडे, अंथरुणावर, कॉफीच्या मगात. पोरगा उशी झटकून झोपी जाई. फाटलेलं वेष्टन काढून नवं बसवणं त्याच्याकडेच होतं. पाण्याखाली खिडकी उघडायची सोय नसते.

धोका कोणालाच ठाऊक नव्हता, असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या धुळीवर निर्बंध घालणारे नियम १९३१ मध्येच झाले होते.

डिसेंबर १९४५ मध्ये बोट सेवेतून निघाली. पोरगा गोदीत लागला, नळ्यांना वेष्टन घालायलाच. १९४६ मध्ये नौदलाची जहाजं बांधणाऱ्या गोद्यांतल्या अशाच १,०७४ कामगारांची पाहणी छापून आली. निष्कर्ष काय, तर हे काम तसं सुरक्षित आहे. तपासलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांना त्या कामात दहा वर्षंही झाली नव्हती. फुप्फुसांचा आजार सापडला तो तिघांना, आणि तिघेही वीस वर्षांहून अधिक मुरलेले. आजार दिसायला वर्षं लागतात, हे उत्तर कागदावर समोर होतं आणि तरी निष्कर्ष उलटा लिहिला गेला, याचा मला आजही संताप येतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्याला जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी युद्धातलं विचारलं. तो टॉर्पेडोंबद्दल बोलला, त्या ७३ जणांबद्दल भरभरून बोलला.

“बोटीवर काम कुठे होतं?”

“इंजिनखोलीत. नंतर गोदीत.”

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. “कामाचे कपडे कोण धुवायचं?”

“बायको. आधी अंगणात झटकायची.”

फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होता. त्याने आधी बायकोची तपासणी करून घेतली. मग बोटीवरच्या सोबत्यांच्या पत्त्यांची वही काढली आणि एकेकाला पत्र लिहायला बसला: ‘डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांग, मी पाणबुडीवर होतो, ती पूड माझ्या छातीत गेली आहे.’

एकाचं उलट पत्र आलं, ‘डेप्थ चार्जमधून वाचलो आपण, धुळीला काय घाबरायचं?’

त्याला त्याने दुसरं पत्र धाडलं. मजकूर काहीच नव्हता. पाकिटात फक्त स्वतःच्या छातीचा एक्स-रे घातला.