उरलेल्याचा हिशेब

खर्च किती झाला हें सांगणें फारसें अवघड नसतें. अवघड असतें तें शिल्लक किती उरली हें सांगणें. खर्चिलेली वस्तु आपल्या हातून गेलेली असते, तेव्हां तिच्याविषयीं खोटें बोलण्याचा मोह कमी. उरलेल्या वस्तूवर मात्र आपली आशा, आपली भीति व आपला मान हीं तिन्ही टपून बसलेलीं असतात, आणि मापणाऱ्याचा हात तींच हालवितात. हा विचार आम्हांस सुचला तो एका अगदीं रुक्ष विषयावरून. दुसऱ्या महायुद्धांत रणगाड्यांतील मंडळी आपल्या तेलाचा हिशेब कसा ठेवीत, हा तो विषय. तो निव्वळ यंत्रशास्त्राचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु जरा खोल पाहिलें म्हणजे तो नीतिशास्त्राचाहि आहे असें दिसून येतें.

अमेरिकेचा शर्मन रणगाडा घ्या. त्याच्या एम४ए३ या प्रकारांत सुमारें १६८ अमेरिकन गॅलन पेट्रोल मावे, आणि तेवढ्यावर तो चांगल्या सडकेनें शंभर-सवाशें मैल जाई. म्हणजे एका गॅलनास पुरता मैलहि नाहीं. चालकासमोर तेलाचा कांटा असे. परंतु टाक्या एकाहून अधिक व कांटा एकच, म्हणून कळ फिरवून एकेका टाकीचें माप वेगळें पाहावें लागे. शिवाय गाडी चढावर किंवा खड्ड्यांत तिरपी उभी राहिली म्हणजे तेल एका अंगास जमतें आणि कांटा भलतेंच सांगूं लागतो. खात्री करावयाची तर सपाट जागा पाहून, झांकण काढून, आंत काठी बुडवावी व ती कोठवर ओली झाली तें पाहावें, हाच उपाय. त्याच्या जोडीस मनांतला हिशेब हवाच: आज किती मैल झाले, त्यांतले सडकेचे किती व चिखलाचे किती, इंजिन जागच्या जागीं किती वेळ चालू होतें. रशियाच्या टी-३४ रणगाड्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्याच्या बाहेरच्या अंगास नळकांड्यांसारख्या टाक्या लावलेल्या असत; पण त्या इंजिनास जोडलेल्या नसत. त्यांतलें तेल थांबून आंतल्या टाकींत ओतल्यावांचून उपयोगी पडत नसे. जवळ असणें निराळें आणि वेळेवर कामास येणें निराळें, हा भेद त्या चालकांस रोज ध्यानांत ठेवावा लागे. डब्याचें झांकण पाहून तांदूळ किती उरले हें कोणी जाणती गृहिणी सांगत नाहीं. ती आंत हात घालून पाहते. त्यांतलाच हा प्रकार.

परंतु डोळ्यांनीं पाहिलेला आंकडाहि फार काळ खरा राहत नाहीं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत इंग्रजांचें पेट्रोल प्रथम चार-चार गॅलनांच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून जात असे. हे डबे खडबडीत वाटेवर सांध्यांतून फुटत, आणि तळापासून रणगाड्यापर्यंत पोंचेतों शेंकडा ३० पर्यंत तेल वाळूंत जिरून जाई असा अंदाज आहे. जर्मनांचा वीस लिटरांचा मजबूत डबा हातीं आल्यावर इंग्रजांनीं त्याची नक्कल केली, ती याच कारणानें. येथें कोणीहि खोटें बोलत नव्हता. तळावरच्या कारकुनानें लिहिलेला आंकडा लिहितेवेळीं खराच होता. तो वाटेंत खोटा झाला. सत्य एकदां वहींत टिपून ठेवलें म्हणजे कर्तव्य संपलें, असें मानणाऱ्यांनीं हे डबे स्मरणांत ठेवावे.

याहून मोठी फसगत होते ती मापाचीच. जर्मन सैन्यांत तेल मोजण्याचें एक ठराविक माप होतें: पथकांतील सर्व वाहनांस १०० किलोमीटर नेण्यास लागेल तितकें तेल म्हणजे एक माप. १६ डिसेंबर १९४४ रोजीं आर्देनच्या डोंगराळ मुलखांत त्यांनीं चढाई केली, तेव्हां अरुंद, चढउतारांच्या व चिखलाच्या वाटांवर तें माप निम्म्याच्या आसपासच अंतर नेई. आंकडा तोच, पण अर्थ निम्मा. पायपर याच्या अघाडीच्या तुकडीनें ब्युलिंगेन येथें अमेरिकनांचें सुमारें ५०,००० गॅलन पेट्रोल हस्तगत केलें, तरीहि ती अखेर ला ग्लेझ या खेड्यांत अडकली. आणि २४ डिसेंबर रोजीं उरलेले सुमारें ८०० लोक रणगाडे तेथेंच टाकून पायीं निघून गेले. आपली शक्ति आपल्या उत्तम दिवसाच्या मापानें मोजणाराची अशीच गत होते. मात्र एक गोष्ट येथें विसरतां कामा नये. याच तुकडीच्या लोकांनीं १७ डिसेंबर रोजीं मालमेदीनजीक ८४ अमेरिकन कैद्यांस ठार मारिलें. तिचा हिशेब अगदीं चोख असता तरी तिचें कृत्य चोख झालें नसतें. हिशेबाची सचोटी हा सद्गुण खरा. परंतु तो एकटा माणसास सज्जन करूं शकत नाहीं.

आतां खऱ्या प्रश्नाकडे वळूं. ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस फ्रान्समध्यें जनरल पॅटन यांच्या तिसऱ्या सैन्यास एका दिवशीं मागितलेल्या सुमारें ४,००,००० गॅलनांऐवजीं सुमारें ३२,००० गॅलनच पेट्रोल मिळालें. आपले कांहीं लोक शेजारच्या पहिल्या सैन्याचे म्हणून मिरवून त्याच्या सांठ्यांतून तेल घेऊन आले अशी वदंता होती, असें पॅटन यांनीं स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. आणि लिहितांना त्यांस त्याचें दुःख झालेलें दिसत नाहीं, उलट कौतुकच दिसतें. वाचकहि येथें कदाचित् हंसतील. रणगाड्यांत पांच जीव असतात; त्यांच्या नायकानें दोन डबे जास्त मिळविले किंवा उरलेले दोन कमी सांगितले, तर तो त्या पांचांच्या जिवाचीच काळजी वाहतो, असें म्हणतां येईल. हा युक्तिवाद हलका नाहीं. पण तें तेल आकाशांतून पडलेलें नव्हतें. तें ज्या टाकींत जावयाचें होतें त्या टाकीवरहि पांचच जीव अवलंबून होते, आणि ते या नायकास दिसत नव्हते एवढाच काय तो फरक. शिवाय दोघांनीं शिल्लक लपविली कीं तिसऱ्यास खरें सांगणें परवडत नाहीं. वांटप करणारा अधिकारी मग सर्वांच्याच मागणींत कपात करतो, आणि त्या कपातीचा घाव सर्वांत अधिक बसतो तो खरें बोलणाऱ्यावर.

आमच्या मतें येथें रेषा स्पष्ट आहे. अडचणीच्या वेळेसाठीं राखून ठेवणें हा गुण आहे; राखलेलें लपविणें हा दोष आहे. दोहोंतलें तेल एकच, भेद सांगण्या-न-सांगण्याचा. तथापि सगळा दोष नायकाच्या माथीं मारणेंहि न्यायाचें नव्हे. खरी शिल्लक सांगणाऱ्याचा वांटा जेथें सर्वांच्या आधीं कापला जातो, तेथें अधिकारीच खोटेपणाचा धडा देत असतो.

हें सैन्याचें झालें. आमच्यासारख्यांच्या घरांत रणगाडा नाहीं, पण शिल्लक आहे: पैशाची, प्रकृतीची, उमेदीची. कर्ता पुरुष ती फुगवून सांगतो, कारण त्याला आपला मान राखावयाचा असतो. घरांतील बाई आपल्या दुखण्याची गोष्ट दडवून ठेवते, कारण तिला कोणास चिंतेंत पाडावयाचें नसतें. दोघांचाहि हेतु चांगला असतो, आणि दोघांच्या शब्दावर विसंबून मुलें आपल्या पुढच्या वाटेचा बेत ठरवीत असतात. तेल संपल्याची बातमी त्यांस मध्येंच, चढावर, कळावी हें बरें नव्हे. ती सांगणें कठीण जातें हें आम्हांस ठाऊक आहे, कारण आम्हींहि ती पुष्कळदां सांगितलेली नाहीं.