बोललं कोण?

गणेश चतुर्थीच्या दुपारी उकडीचे मोदक करणाऱ्या बाईला घाम येतो, यात नवल काही नाही. मोदकपात्राची वाफ, सदाशिव पेठेतलं वीतभर स्वयंपाकघर, आणि गॅस फडफडतो म्हणून बंद ठेवलेला पंखा. परंतु त्या दिवशी मोदकपात्र उतरवून अर्धा तास झाला होता. मी पंगतीत तूप वाढत होते आणि एकाएकी, छातीपासून कानांपर्यंत कुणी आतून शेगडी पेटवावी, तसं झालं. नेमके त्याच वेळी ठाण्याहून आलेले माझे थोरले दीर तिसरा मोदक फोडत म्हणाले, "आईचं काय, ती इथंच रमते. पेठेबाहेर तिला करमायचं नाही."

हे वाक्य मी चोवीस वर्षं ऐकते आहे. दर गणपतीला एकदा. दर वेळी मी हसून पुढच्या पानावर तूप वाढते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "करमतं की नाही, ते एकदा नेऊन बघा ना भाऊजी. चोवीस वर्षं माझ्याकडे आहेत, सहा महिने तुमच्याकडे राहू देत."

पंगत गप्प. लांबून ढोल ऐकू येत होते तेवढेच. मग आमचे हे, ज्यांना घरात शांतता आणि पानात मठ्ठा एवढंच लागतं, खाली बघत म्हणाले, "मनावर घेऊ नका. तिचं सध्या ते चाललंय."

'ते'! पाळी येण्याला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. कावळा शिवतो, बाई बाहेरची होते, बाजूला बसते. जाण्याला मात्र रजोनिवृत्ती हा एकच, आणि तोही असा, की ऐकून त्र्यंबकेश्वरची आठवण व्हावी. साहेबाचा 'मेनोपॉज'सुद्धा मूळचा त्याचा नव्हे. पेशवाई बुडून तीन वर्षं झाली होती, तेव्हा, १८२१ साली, गार्दान नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरनं तो चालू केला. बायकांचं 'ते' त्याआधीही चालूच होतं. शब्दासाठी कुणी थांबलं नव्हतं.

मी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले होते. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत एक्कावन्नच्या आसपास. माझं एकोणपन्नासावं चालू आहे, म्हणजे मी थोडी परदेशीच. बारा महिने सलग आली नाही, की गेली म्हणायचं. तोवर इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं, आणि त्यामुळे मेंदूतलं शरीराचं तापमान राखणारं केंद्र भलतंच हळवं होतं. अंग रतीभर तापलं तरी त्याला वाटतं घराला आग लागली, आणि ते सगळे नळ एकदम सोडतं. रात्री हेच चार वेळा झालं, की झोप मोडते. झोप मोडली, की चिडचिड वाढते. चालणं, थोडी वजनं उचलणं, कॅल्शियम, आणि फारच त्रास झाला तर तपासण्या करून हार्मोनच्या गोळ्या, असं बाईंनी सांगितलं. हे सगळं समजलं. पण भाऊजींना जे बोलले, ते कुणी बोललं, हे काही त्यांना विचारता आलं नाही.

आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे पाहुणे मुक्कामाला होते. रात्री पंखा पाचवर. पांघरुणातून आवाज आला, "सकाळी दादा-वहिनींना सॉरी म्हणून टाक. तुझा काही दोष नाही गं, हार्मोन्स आहेत."

आता हे मला समजावून सांगा. दोष माझा नाही तर माफी मी कशाची मागू? आणि माफी मागायची असेल, तर बोलले ती मी, इस्ट्रोजेन नव्हे. दोन्ही एकदम कसं? भाऊजी सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्ची आपटून बाहेर पडतात, तेव्हा त्याला तत्त्वाचा प्रश्न म्हणतात. त्यांच्या पित्ताची चौकशी कुणी करत नाही.

पण खरं सांगायचं, तर माझाही हिशेब चोख नव्हता. मागच्याच आठवड्यात मी भांडी घासणाऱ्या मावशींवर एका चमच्यावरून ओरडले होते. तेव्हा मीच म्हणाले होते, "मावशी, मनावर घेऊ नका हो, माझं सध्या ते चाललंय." म्हणजे चमच्याचा राग इस्ट्रोजेनचा आणि चोवीस वर्षांचा राग माझा? शोभेल तेवढं आपलं आणि उरलेलं ग्रंथीच्या खात्यावर, ही वाटणी तर आमच्या ह्यांच्यापेक्षा लबाडीची झाली. पहाटे चारपर्यंत मी एवढ्यावरच आले, की आग त्या केंद्राची असेल, वाक्य मात्र बाहेरून आलेलं नाही. ते चोवीस वर्षं आत तयारच होतं. झाकण उडालं इतकंच.

चारलाच शेजारच्या काकू दगडूशेठपुढे अथर्वशीर्षाला निघाल्या. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या पहाटे हजारो बायका तिथं एका सुरात म्हणतात, ते ऐकण्यासारखं असतं. व्रताची कहाणी मात्र मला कधी पचली नाही. विटाळ कालवला म्हणून पुढच्या जन्मी बाईची कुत्री होते, आणि तिच्या संसर्गानं नवऱ्याचा बैल. म्हणून बायकांनी पाळीच्या दोषांची क्षमा मागायची, आणि बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. (सुनेच्या कष्टाचं चालतं.) पाळी गेली, की उद्यापन. म्हणजे येत होती तोवर येते म्हणून माफी, आणि आता जाते आहे तर त्याचीही. ऋषीची भाजी मात्र मी आवडीनं खाते; तिच्यावर माझा राग नाही.

सकाळी सासूबाई अळूचे देठ सोलत बसल्या होत्या. मी समोर सुरण घेऊन बसले.

"मी पण बोलले होते हो," वर न बघता त्या म्हणाल्या. "अठ्ठेचाळिसावं होतं मला. तुझे सासरे फंडातले चाळीस हजार चुलत दिरांच्या छापखान्यात घालत होते. वाड्याच्या चौकात, सगळ्यांदेखत म्हटलं, हा छापखाना नव्हे, बुडवखाना आहे."

"मग?"

"मग काय! उष्णता डोक्यात गेली म्हणाले. गुलकंद, मोरावळा, वाळ्याचं पाणी. महिन्यानं मी दिरांची माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनानं दिली." त्यांनी देठ सोलून ताटात टाकला. "चाळीस हजार काही आले नाहीत."

मी सुरी खाली ठेवली. "आई, काल तुमच्यादेखत, सामान पाठवावं तसं बोलले. त्याची माफी मागते. बाकीच्याची नाही."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. लागलं होतं त्यांना, ते दिसलं. मग म्हणाल्या, "ठाण्याच्या घराला लिफ्ट आहे ना?"

"आहे."

"मग डिसेंबरात सवाई झाला की जाईन. आणि सहा नको, तीन महिने. तेवढ्यात तुझा पंखाही जरा विसावेल."

भाऊजी आणि हे हार आणायला मंडईकडे गेले होते. जाऊबाईंना चहा देताना मी हे सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. शेजारी पडलेलं आरत्यांचं पुस्तक उचलून मानेवर वारा घ्यायला लागल्या. कान लालबुंद झाले होते.

"तुमचंही?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "ह्यांना अजून सांगितलेलं नाहीये."

मी उठून पंखा पाचवर केला. मग आम्ही दोघींनी ठरवलं, की भाऊजी हार घेऊन आले की त्यांनाच विचारायचं, डिसेंबरात आई आल्या तर त्यांचा सकाळचा चहा कोण करणार.