रोगाचे कुंपण आणि भाकरीची किंमत

महामारीच्या काळात लादलेली बंधने योग्य होती काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा चुकीच्या तराजूत तोलला जातो. एका पारड्यात प्राण, दुसऱ्यात पैसा. असा तराजू हाती घेतला की उत्तर आधीच ठरून जाते. इमाम गझाली व इमाम शातिबी यांनी शरीयतची जी पाच मूलभूत उद्दिष्टे मांडली, त्यांत धर्म, बुद्धी व वंश यांच्यासोबत प्राण आणि संपत्ती या दोहोंचे रक्षण येते. त्यात प्राणाचे स्थान संपत्तीच्या वर आहे, हे उघडच आहे. परंतु मालेगाव-भिवंडीच्या ज्या कामगाराची मजुरी माग थांबताच थांबते, त्याच्या घरी संपत्ती आणि प्राण यांच्यात अंतर ते किती? चार दिवसांचे, फार तर आठ.

बंधनांना इस्लामचा विरोध नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. हिजरी 18 च्या सुमारास (इ. स. 639) शाम प्रांतात अमवासची प्लेग पसरली. माननीय उमर (रजि.) सरग येथे पोहोचले असता त्यांना ही वार्ता समजली. त्यांनी प्रथम मुहाजिरांशी, मग अन्सारांशी विचारविनिमय केला. मते एक होईनात. अखेर कुरैशच्या वडीलधाऱ्यांनी परतण्याचा सल्ला दिला आणि तो त्यांनी मानला. अल्लाहने लिहिलेल्या भाग्यापासून पळता काय, असे माननीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा उमर (रजि.) यांनी दृष्टांत दिला: दरीची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड, उंट कोठेही चारला तरी ते अल्लाहच्याच योजनेत. नंतर माननीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आदरणीय प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली: साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये, आणि आपण तेथेच असू तर तेथून पळ काढू नये.

या शिकवणीचा दुसरा भाग फार कठीण आहे. जो आत थांबतो तो बाहेरच्यांसाठी थांबतो. म्हणूनच जो धीराने तेथे थांबेल, त्याला हुतात्म्याच्या पुण्याचे आश्वासन हदीसमध्ये आहे. थांबण्याला मोल आहे, हे येथे मान्यच केलेले आहे.

आता त्याच कालखंडातील दुसरी घटना पाहा. अरबस्तानात ‘रमादा’चा दुष्काळ पडला होता. तेव्हा उमर (रजि.) यांनी इतर प्रांतांतून धान्य मागविले, लोकांना तूप व मांस मिळेपर्यंत स्वतः ते सोडले, आणि भुकेपोटी झालेल्या चोरीवर हात तोडण्याची शिक्षा थांबविली. सरगहून परतणारा शासक आणि तूप सोडणारा शासक एकच होता. आपण मात्र पहिल्या उमरचा दाखला देतो आणि दुसऱ्याला विसरतो.

24 मार्च 2020 रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. अंमल मध्यरात्रीपासून, म्हणजे चार तासांनी. रोग नवा होता, लस नव्हती, रुग्णालये अपुरी होती. त्यामुळे बंधनांचा निर्णय माझ्या मते मुळात गैर नव्हता. गैर होती ती चार तासांची मुदत. त्यात कोणाशी मशवरा झाला आणि ज्यांच्यावर भार पडणार त्यांची काय सोय लावली? 8 मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. जालन्याहून पायी निघालेले ते मध्य प्रदेशात आपल्या घरी चालले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र अनेकांना आठवत असेल. हे मृत्यू कोरोनाच्या मोजदादीत आले नाहीत.

फिकहच्या पंडितांनी मानले आहे की सार्वत्रिक हानी टाळण्यासाठी काहींना विशिष्ट हानी सोसावी लागते. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या विधिसंहितेत हा नियम आहे. पण तिच्यातच आणखी एक नियम आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो: नाइलाजाने दुसऱ्याचा हक नष्ट होत नाही. भुकेने मरणारा दुसऱ्याची भाकरी खाऊ शकतो, परंतु नंतर त्याने तिची किंमत चुकविली पाहिजे. समाजाने स्वतःच्या रक्षणासाठी मजुराची भाकरी घेतली. घेणे जायज होते असे धरले तरी ते देणे आहे, दान नव्हे. रेशनच्या पिशवीसोबत छायाचित्र काढणाऱ्यांच्या हे ध्यानात आले असते तर बरे झाले असते.

मशिदी बंद झाल्या, 2020 ची हजयात्रा जेमतेम हजारभर यात्रेकरूंवर आली. इबादतीच्या बाबतीत सवलतीची तरतूद शरीयतमध्येच आहे. मुसळधार पावसात घरीच नमाज अदा करण्याची घोषणा अजानमध्ये झालेली आहे. तेथे हानी भरून निघते. शाळेची मात्र तशी नाही. दीड वर्षाहून अधिक काळ वर्ग बंद राहिले; ज्या घरात एकच मोबाईल होता, तेथे तो बहुधा भावाच्या हाती गेला, आणि अशा काही मुली पुन्हा वर्गात परतल्याच नाहीत.

जकातीच्या आठ हकदारांत कर्जबाजारी आणि वाटसरू यांचा समावेश आहे. रुळांवरून चालणारा मजूर वाटसरूच होता. थकलेल्या भाड्यासाठी, औषधपाण्यासाठी त्या काळात घेतलेली कर्जे अनेक मोहल्ल्यांत अजून फिटलेली नाहीत. कोणाचे किती देणे उरले आहे, ही यादी मशिदीच्या समितीला एका जुम्याच्या नमाजनंतर करता येईल.