कवडीची किंमत ठरवली कोणी?



"त्याला कवडीचीही किंमत नाही!" किती सहज बोलून जातो आपण. कधी एखाद्या वस्तूबद्दल, तर कधी घरातल्याच माणसाबद्दल. आज या कवडीचाच थोडा विचार करूया.

कवडी म्हणजे समुद्रातल्या एका छोट्या गोगलगायीचं घर. पाण्यातला चुना घेऊन ती ते स्वतःच्या अंगाभोवती बांधते. जिवंत असताना अंगाची मऊ त्वचा ती कवडीवर बाहेरून पांघरून घेते, म्हणून तर कवडी एवढी गुळगुळीत, चकचकीत. घर तिने राहायला बांधलं. पैसा वगैरे तिच्या गावीही नाही.

पैसा केला तो माणसाने. मालदीव बेटांवर कवड्या ढिगाने गोळा होत. किनाऱ्यावरच्या खड्ड्यात त्या टाकून ठेवायच्या आणि आतला जीव कुजून गेला की गलबतात भरायच्या. बंगाल-ओडिशाच्या बाजारात त्या सुटे पैसे म्हणून चालत. पुढे युरोपातल्या व्यापाऱ्यांनी याच कवड्या आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेल्या आणि त्या देऊन माणसं विकत घेतली, गुलाम म्हणून! विचार करा मंडळी, गोगलगायीच्या रिकाम्या घरांच्या बदल्यात कुणाचा मुलगा, कुणाची आई.

जी किंमत माणसाने दिली, ती माणसानेच काढूनही घेतली. ओडिशाचा मुलूख १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. तिथे सारा कवड्यांत भरला जाई. मग कंपनी सरकार आलं आणि सारा चांदीच्या रुपयांत मागू लागलं. ज्याने कष्टाने कवड्या साठवल्या होत्या, तो बसल्या जागी गरीब झाला. १८१७ साली तिथे पाइकांचा उठाव झाला, त्याच्या कारणांत हेही एक होतं. कवडी तीच होती, हुकूम बदलला होता.

आता तुळजापूरच्या आईचे आराधी बघा, सौंदत्तीच्या यल्लम्माचे भक्त बघा. गळ्यात कवड्यांची माळ असते. बाजारात नेली तर तिचे फार पैसे यायचे नाहीत. पण ती विकायला कोण काढतो? हे मोलही माणसानेच दिलेलं आहे, पण त्यात मोजणी नाही, आदर आहे.

मग प्रश्न असा, की घरातल्या माणसांना आपण कोणत्या मापाने बघतो? पगार येत होता तोवर आजोबांचं मत विचारलं जायचं. आता ते बोलू लागले की टीव्हीचा आवाज वाढतो. मुलाला मार्क कमी पडले की त्याच्याशी बोलण्याचा सूरच बदलतो. आजोबा तेच आहेत, मुलगाही तोच आहे. बदललाय तो आपला हुकूम.

भाव बाजाराचा असतो, तो आज चढेल, उद्या उतरेल. माणूस मात्र भाव ठरायच्या आधीपासून माणूस असतो. म्हणून घरात आपण ज्याला कमी मोजतो, त्याच्याजवळ या आठवड्यात थोडा वेळ बसूया. काही काम सांगायला नको, काही मागायला नको. नुसतं ऐकूया.

आणि "कवडीची किंमत नाही" हे शब्द निदान माणसाबद्दल तरी तोंडून जाऊ देऊ नका.

सर्वांचं कल्याण होवो 🙏